राबोक्की : मिरचीचा झणका कोरियाचा, गहू परक्याचा

राबोक्की आता आपल्या पोरांनाही मोबाईलवर बघून माहीत झालीय. तांदूळ भिजवून, दळून, वाफवून केलेल्या चिवट कांड्या म्हणजे 'तॉक', गोचुजांगचा लालभडक रस्सा आणि त्यातच इन्स्टंट नूडल्स. चवीला नाव ठेवायचं नाही. पण ती वाटी शेतकऱ्याच्या नजरेनं बघा. कांडी भाताची, नूडल्स गव्हाच्या. आणि कोरियात लागणारा गहू जवळपास सगळा बाहेरून येतो.

बाजाराचे वकील म्हणतात, "लोकांची आवड बदलली, शेतकऱ्यानं पीक बदलावं." आवड आपोआप बदलली का हो?

युद्धानंतर तिथं अमेरिकेच्या मदतीचा गहू आला. १९६३ ला इन्स्टंट नूडल्स निघाल्या. सरकारनं 'मिश्र धान्य खा, पीठ खा' अशी मोहीमच काढली. शाळेत पोरांचे डबे तपासले, नुसता पांढरा भात चालत नव्हता. तॉकसुद्धा गव्हाच्या पिठाचे व्हायला लागले. तेव्हा तांदळाचा तुटवडा होता, हे मान्य. पण 'तोंगिल' वाण लावून शेतकऱ्यानं १९७० च्या दशकातच तो भरून काढला. भात कोठारात आला, ताटात मात्र परत आला नाही.

१९७० ला माणशी वर्षाला १३६ किलो तांदूळ लागायचा, २०२३ ला ५६ किलो. वर जागतिक व्यापार कराराखाली दरवर्षी ४,०८,७०० टन परदेशी तांदूळ फक्त ५ टक्के शुल्कावर घ्यायचा. त्यातला बराचसा प्रक्रियेला जातो. म्हणजे कांडीतही परका घुसला! भाताच्या भावासाठी २०१५ ला सोलमध्ये मोर्चा निघाला. पोलिसांच्या पाण्याच्या माऱ्यानं बेक नाम-गी हा शेतकरी कोसळला आणि २०१६ ला गेला. हा 'आवडी'चा हिशोब कोण देणार?

आता तिथं 'बारोमी २' नावाचं भाताचं वाण पुढं आणलंय. न भिजवता कोरडंच दळता येतं, लावणी उशिरा चालते, म्हणून आधी गहू काढता येतो. वाण चांगलं आहे. पण नूडल्सवाल्यानं ते पीठ घेतलंच नाही तर वाण काय चाटायचंय? शेतकऱ्याला पेर म्हणायचं असेल, तर आधी कारखान्याला घे म्हणा.

आपल्याकडंही रेशनवर अमेरिकेचा गहू आला, ७२ च्या दुष्काळात मिलो आला. ज्वारीच्या भाकरीचं पुढं काय झालं, ते तुम्हीच सांगा.