नभोवाणी कोणाची?

पुणे नभोवाणी केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगर केंद्राकडे सोपविण्याचा निर्णय २०२३ च्या जूनमध्ये झाला आणि लोकमत खवळताच काही दिवसांतच तो स्थगित करण्यात आला. संकट टळले की सुटकेचा निःश्वास टाकून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी रीत आहे. परंतु स्थगिती म्हणजे निवाडा नव्हे. हे केंद्र कोणासाठी चालते, हा मूळ प्रश्न तसाच राहिला आहे. आणि केंद्राच्या कार्यक्रमांनी आजवर घेतलेली वळणे ध्यानी घेतल्यावाचून त्याचे उत्तर मिळणार नाही.

२ ऑक्टोबर १९५३ रोजी हे केंद्र सुरू झाले, तेव्हा श्रोत्यांना शहाणे करून सोडणे हे सरकारी नभोवाणीचे ब्रीद होते. त्या वेळचे नभोवाणीमंत्री केसकर यांच्या धोरणामुळे चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ मज्जाव झाला होता. ह्या धोरणात वडीलकीचा अतिरेक होता, यात शंका नाही. श्रोत्यांनी वाद घातला नाही. निमूटपणे रेडिओचा काटा सिलोनकडे वळविला. तथापि त्याच काळात, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे केंद्राने दर आठवड्यास एक याप्रमाणे ‘गीतरामायण’ ऐकविले. मध्ये अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. माडगूळकरांची वाणी आणि फडक्यांचे स्वर यांच्यामागे केंद्रातील सीताकांत लाड यांचा आग्रह होता. कवीशी ज्याचा घरोबा आहे अशा माणसाला केंद्रावर काही करून दाखविण्याची मोकळीक मिळाली म्हणजे काय घडू शकते, याचा हा वस्तुपाठ होय.

पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ आली आणि घालवून दिलेले चित्रपटगीत मानाने परतले. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूर येथे तिच्यावर जाहिराती ऐकू येऊ लागल्या. आजवर विद्यार्थी मानला गेलेला श्रोता आता गिऱ्हाईक झाला. २००१ नंतर देशात खासगी एफएम केंद्रे निघाली, तेव्हा ह्या नात्यावर शिक्कामोर्तब झाले. त्यांच्या निवेदकांच्या बडबडीला नाके मुरडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. श्रोत्यांशी सलगीने बोलावे, हा धडा सरकारी नभोवाणीनेही त्यांच्याकडून घ्यावा. मात्र ह्या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी मिळाली नाही. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकविण्यापुरतीच सवलत दिली. तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या देण्याची मुभा त्यांना द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ च्या सप्टेंबरात केली, हे योग्यच झाले.

याचा अर्थ उघड आहे. गाण्यांसाठी शहराजवळ दहा दारे आहेत. नभोवाणीवरून शहराची बातमी सांगण्याचा भार मात्र आकाशवाणीवरच टाकला गेला. तेच दार दूरच्या कचेरीतील एका कागदाने बंद करू पाहणे, ही नुसती कारभारातील फेरजुळणी नव्हे. धरणातून पाणी सुटले, घाट बंद झाला, परीक्षा लांबणीवर पडली, या वार्ता जिथल्या त्यांनीच सांगायच्या असतात. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. मालकाला न विचारता घराच्या भिंती हलविण्याचा अधिकार कारभाऱ्यास कोणी दिला?

बदल व्हावेतच, जो काळाबरोबर बदलत नाही, त्याला श्रोते सोडून जातात, हे सिलोनने शिकविले आहे. आमचे म्हणणे एवढेच की, वृत्तविभागातील रिकाम्या जागा भराव्यात, रोजचे काही तास स्थानिक निर्मितीसाठी राखून ठेवावेत आणि मोठा फेरबदल करण्यापूर्वी श्रोत्यांचे म्हणणे उघडपणे ऐकून घ्यावे. श्रोता हा विद्यार्थी नव्हे आणि नुसते गिऱ्हाईकही नव्हे. तो नागरिक आहे. ज्या केंद्राला हे उमगेल, त्याचा आवाज कोणत्याही यंत्रावरून ऐकला जाईल.