मुलांचे न्यायासन

दीपावलीच्या सुट्टीत न्यायालयांचे नित्याचे कामकाज थांबते, पक्षकार पुढील तारखा घेऊन आपापल्या गावी जातात आणि दप्तरे फडताळात विसावतात. परंतु ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री पोलिसांनी एखाद्या १५ वर्षांच्या मुलास चोरीच्या संशयावरून ताब्यात घेतले, तर त्यास २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावेच लागते, आणि मंडळाची बैठक नसेल तर मंडळाच्या कोणत्याही एका सदस्यापुढे न्यावे लागते. त्याला हातकडी घालता येत नाही, पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. सणाच्या दिवशीही ज्याच्यासाठी कायद्याने इतकी तजवीज करून ठेवली आहे, त्या मुलाच्या न्यायाविषयी यंदाच्या अंकाच्या आरंभी काही लिहावे असे आम्हास मनापासून वाटले.

मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय १८९९ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे प्रथम स्थापन झाले. आपल्याकडे मद्रास इलाख्याने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बालकांविषयीचे कायदे केले, आणि १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. कोल्हापूरच्या मानहानी खटल्यात आगरकर आणि टिळक यांनी १८८२ मध्ये ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, आणि ज्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहून ठेवली, त्याच तुरुंगाच्या वास्तूत पुढे मुलांचे निरीक्षणगृह आले, ही गोष्ट डोंगरीच्या ‘रिमांड होम’चे नाव दरडावणीसाठी वापरणाऱ्या किती मुंबईकरांना ठाऊक असेल?

आजचे बाल न्याय मंडळ २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार चालते. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, व त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असावी लागते. मात्र आमच्या मते या साऱ्या व्यवस्थेचा प्राण त्या तिघांच्या आसनात नसून परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात आहे. मूल प्रथम हजर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत या अधिकाऱ्याने त्याच्या घरी जाऊन, आईबापांशी, शेजाऱ्यांशी आणि शिक्षकांशी बोलून, मूल कोणत्या परिस्थितीत वाढले याचा तपास मंडळापुढे ठेवायचा असतो. बाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर सहा-सहा महिने परजिल्ह्यात असतो काय, आई पहाटे बाहेर पडून रात्री परतते काय, मुलाची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि ती सुटली तेव्हा कोणी विचारपूस केली होती काय, घरात मारहाण होते काय, मोठ्या वयाच्या कोणी त्याला हाताशी धरले आहे काय, हे जो अधिकारी खरोखर उंबरठा ओलांडून पाहून येतो, त्याची चार पाने मुलाच्या पुढील आयुष्याचा मार्ग ठरवितात. आणि जो कचेरीत बसून छापील रकाने भरतो, तो त्या मुलास दुसऱ्यांदा पोरके करतो.

कारण दोष सिद्ध झाला तरी मंडळापुढे पर्याय अनेक असतात. समज देऊन मुलाला घरी पाठविता येते, मुलाचे आणि पालकांचे समुपदेशन करविता येते, समाजसेवेचे काम नेमून देता येते, दंड पालकांकडून वसूल करता येतो, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते, आणि विशेषगृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. संस्थेत पाठविणे हा अखेरचा उपाय, असे कायदाच सांगतो. यातला योग्य उपाय कोणता, हे घर पाहिल्याशिवाय ठरविणार कसे?

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोघा तरुण अभियंत्यांचे प्राण गेले, आणि तो दिवस रविवारचा असताना मंडळाच्या एका सदस्याने ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह मुलास जामीन दिला, तेव्हा उसळलेला लोकांचा संताप आम्हास अन्याय्य वाटला नाही. दोन घरांतील दुःखापुढे तो निबंध फारच तोकडा होता. पुढे मंडळाने त्यास निरीक्षणगृहात ठेवले आणि २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. दरम्यान त्याच्या पालकांवरही गुन्हे नोंदले गेले. ज्या प्रकरणात घराचाच प्रश्न इतका मोठा होता, त्यात लोकचर्चा मात्र केवळ मुलाला प्रौढांप्रमाणे शिक्षा व्हावी की न व्हावी एवढ्यावरच घोटाळत राहिली, याचा आम्हास खेद होतो. १६ ते १८ वर्षांच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असल्यास प्राथमिक मूल्यमापन करून त्याच्यावर प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट २०१५ च्या कायद्याने खुली केली आहे. ती वाट अपवादाचीच राहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वयाचा प्रश्न किती भीषण रूप धारण करू शकतो, याचा दाखलाही पुण्याच्याच एका प्रकरणात आहे. १९९४ मधील हत्याकांडात देहान्ताची शिक्षा झालेल्या एका कैद्याचे वय गुन्ह्याच्या वेळी अवघे साडेबारा वर्षांचे होते, असा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये राजस्थानातील त्याच्या शाळेच्या नोंदींवरून काढला आणि त्याच्या सुटकेचा आदेश दिला. तोपर्यंत त्याने २८ वर्षे तुरुंगात घालविली होती. गुन्हा भयंकर होता, यात शंका नाही. परंतु एका शालेय नोंदवहीचे पान वेळेवर कोणी उलटले असते, तर एवढी वर्षे न्यायाच्या नावाने हा अन्याय घडला नसता. प्रौढांच्या तुरुंगांना नियमित भेटी देऊन तेथे कोणी मूल अडकले नाही ना, हे पाहण्याचे काम कायद्याने मंडळावरच सोपविले आहे, आणि ते नेमाने झालेच पाहिजे.

मंडळावरील समाजकार्यकर्त्या सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, त्यामुळे या जागा वारंवार रिकाम्या होतात. बालकांचे आरोग्य, शिक्षण वा कल्याण यांत किमान सात वर्षे काम केलेले अनेक स्त्री-पुरुष आमच्या वाचकांत आहेत, हे त्यांच्या पत्रांवरून आम्ही जाणतो. आपल्या जिल्ह्यातील मंडळाच्या किंवा बालकल्याण समितीच्या जागांची जाहिरात निघेल तेव्हा त्यांनी अवश्य अर्ज करावेत, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे. आणि शासनाने परिविक्षा अधिकाऱ्यांची पदे भरून त्यांना घरोघरी जाण्यापुरता वेळ व प्रवासखर्च द्यावा, अशी मागणीही आम्ही येथे नोंदवीत आहोत.



— संपादक