किती अँपिअर हवेत राव?

परवा ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "अरे, घरी वेल्डिंग मशीन घ्यायचंय. २०० अँपिअरचं बघून ठेवलंय. घेऊ ना?" माझी जुनी जीप बघून त्यालाही किडा चावलाय. वडिलांच्या जीपचा गंजलेला फ्लोअर स्वतः बदलणार म्हणतो. उत्साह जबरदस्त, पण प्रश्नच चुकला. मोबाईल घेताना फक्त मेगापिक्सेल विचारतात ना, तसा.

माझं मत सरळ आहे. आधी घरातला सॉकेट बघा, मग पत्र्याची जाडी. खोक्यावरचा आकडा शेवटी.

सॉकेटचा हिशोब करू. एसी-गीझरचा सॉकेट १६ अँपिअरचा. २३० गुणिले १६, म्हणजे साधारण ३.७ केव्हीए. रॉडच्या मशीनमधून २०० अँपिअर काढायचे तर २८ व्होल्ट धरतात, म्हणजे ५.६ किलोवॉट नुसते बाहेर पडणार. मशीनमधला लॉस आणि पॉवर फॅक्टर धरला तर भिंतीतून चाळीसेक अँपिअर ओढावे लागतील. एमसीबी काय, शेजारीसुद्धा उडेल :-) त्या सॉकेटवर प्रत्यक्षात ८०-९० मिळाले तरी खूप. आणि गंमत म्हणजे अडीच मिलिमीटरच्या रॉडला तेवढे पुरतातही! विचारायचंच असेल तर ड्यूटी सायकल विचारा. ६० टक्के म्हणजे दर दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं मशीनला विश्रांती.

आता पत्रा. गाडीच्या बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आगेमागे असतो. त्यावर रॉड टेकवला की भोक. ते भरायला गेलात की आणखी मोठं भोक. (अनुभवाचे बोल!) तिथे मिगच हवं, म्हणजे आपले गॅरेजवाले ज्याला 'सीओटू' म्हणतात ते. वायर ०.८ किंवा त्याहून बारीक, आणि एकदम लाईन न ओढता लांब लांब टाके. बिनगॅसची वायर स्वस्तात पडते, पण ती जास्त गरम चालते आणि शिंतोडेही फार उडतात. म्हणून गॅस जोडता येईल आणि पोलॅरिटी बदलता येईल असंच मशीन घ्या.

मग सीओटू घेतलं की झालं? नाही ना. दोन वर्षांपूर्वी मी गावच्या शेडमध्ये जीपच्या मागच्या सीटचा ब्रॅकेट त्यावरच जोडला. पट्टी चार मिलिमीटरची. काय लाईन आली होती! फोटो काढून सगळ्यांना पाठवले. गावातल्या फॅब्रिकेटरकाकांनी तो ब्रॅकेट बघितला, काही न बोलता व्हाइसमध्ये धरला आणि हातोडीचा एकच घाव घातला. साल निघावी तसं वेल्ड सुटून आलं. खालचं लोखंड वितळलंच नव्हतं. काका एवढंच म्हणाले, "सीटवर कोण बसणार?"

आई बसणार होती.

छोट्या सीओटू मशीनचा धोका हाच. जाड लोखंडावर दिसायला सुंदर आणि आतून न चिकटलेलं वेल्ड ते अगदी सहज देतं. आपल्या कोडमध्ये बग निघाला तर सोमवारी पॅच टाकता येतो. घाटात सीट सुटली तर काय टाकणार?

म्हणून मित्राला सांगितलं ते असं. फ्लोअर, मडगार्ड, टूलबॉक्स घरी बिनधास्त कर. सीट, बेल्ट, चासी, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांना घरी फक्त टाके मार आणि पक्कं वेल्डिंग जाणकाराकडून करून घे. पेट्रोलच्या टाकीला हात लावू नकोस. काम सुरू करण्याआधी बॅटरीची वायर काढ. मशीनवर वाचलेले पैसे चांगल्या हेल्मेटवर घाल. आणि पहिले काही शनिवार नुसत्या भंगारावर वेल्डिंग कर, मग तेच हातोडीने तोडून बघ.

असो. त्याने मशीन अजून घेतलेलं नाही. काल म्हणाला, आधी हातोडी घेतली.