यादी कोणी करायची?

माझ्या धाकट्या भावाची मुलगी मिरजेत असते. बी.कॉम. झाली, नोकरी करता करता 'कॅट'चा अभ्यास करते. परवा अर्ज भरायला बापलेक माझ्याकडे आले होते. या अर्जाची फी एकदाच भरायची आणि ज्या आयआयएम हव्यात त्यांच्यापुढे खुणा करायच्या. दोन करा की वीस, पैसे तेवढेच. भावाने दोनच करायला सांगितल्या, मुंबई आणि नागपूर. "महाराष्ट्राबाहेर नको."

म्हटलं, अरे, मिरजेहून नागपूरपेक्षा बंगळूर जवळ! तर म्हणाला, "ताई, प्रश्न अंतराचा नाही."

मैत्रिणींनो, मलाही तेच म्हणायचंय. अंतराचा नाही, आणि पैशाचाही नाही. खूण न केल्याने एक रुपया वाचत नव्हता. माझा भाऊ काही दुष्ट नाही. क्लासची फी त्यानेच भरली. पण थोरल्या मुलाचा अर्ज भरताना सगळ्या खुणा झाल्या होत्या, तेव्हा नकाशा कुणी उघडला नव्हता.

मी तीस वर्षं बँकेत काढली. शैक्षणिक कर्जाला मुलाचे वडील आले की विचारत, "हप्ता किती पडेल?" मुलीचे वडील विचारत, "लग्नानंतर हप्ता कोण भरणार?" जी शिकणार, कमावणार, तीच भरणार, हे उत्तर कुणाला सुचत नसे. नामांकित संस्थांसाठी बँका तारणही मागत नाहीत, हे किती घरांत माहीत आहे?

'जवळचं ते स्वस्त' हाही एक भ्रमच. अहमदाबादची दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या आसपास जाते, खरं आहे. पण घराजवळचं खासगी अभिमत विद्यापीठही स्वस्त नसतं. राज्याच्या सीईटीतून, केंद्रीभूत प्रवेशाने जाणाऱ्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, 2024 पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी अभिमत विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. यादी करताना हे आधी पाहायचं, मग गावाचं नाव.

काही आयआयएम मुलींना निवडीत थोडे जादा गुण देतात. भाचा हसून म्हणाला, "हिला काय, फुकट गुण!" मला राग आला. वर्षानुवर्षं हे वर्ग इंजिनिअर मुलग्यांनी भरलेले असत, तेव्हा कुणाला काही फुकट वाटलं नाही. कोझिकोडच्या आयआयएमने 2013 साली निम्म्याहून अधिक मुली घेतल्या. संस्था बुडाली नाही. हे गुण निःसंकोच घ्यावेत.

आणि आपणही संस्थेला चार प्रश्न विचारावेत. वसतिगृहाचं दार मुलींसाठी किती वाजता बंद होतं आणि मुलग्यांसाठी किती? 2013 च्या कायद्याने बंधनकारक असलेल्या तक्रार समितीवर कोण आहे, हे फलकावर लावलंय का? गेल्या वर्षी किती मुलींना नोकऱ्या लागल्या, आणि कुठल्या पगाराच्या? माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरच्या हसऱ्या मुलीवर जाऊ नये.

त्या संध्याकाळी बरीच वादावादी झाली. चहा दोनदा गार झाला. शेवटी भाचीने कुणाकडे न पाहता नऊ खुणा केल्या आणि अर्ज पाठवून दिला. भाऊ बराच वेळ गप्प होता. निघताना दारात चपला घालता घालता त्याने विचारलं, "मिरजेहून कोझिकोडला थेट गाडी आहे का गं?"