कोपरा बेंचवर तयार होत नाही

परवा रात्री साडेनऊला फोन आला. आपल्याच तालुक्यातला १९ वर्षांचा पोरगा. नाव लिहीत नाही, कारण निर्णय अजून व्हायचाय. डावा कोपरा खेळतो. गेली दोन वर्षं ज्यांनी यात्रेच्या स्पर्धा बघितल्यात, त्यांना मी कुणाबद्दल बोलतोय ते कळलं असेल.

"काका, दोन ठिकाणनं विचारणा आलीय. एक लीगच्या संघाकडनं, नवीन पोरांच्या यादीत घेतो म्हणत्यात. दुसरी मुंबईच्या एका कंपनीच्या संघाकडनं, करारावर. काय करू सांगा."

मी त्याला दोन दिवस थांब म्हणालो. कारण हाच प्रश्न मला एकदा आधीही विचारला गेला होता. तेव्हा मी एका मिनिटात उत्तर दिलं होतं आणि ते चुकलं होतं.

सहा-सात वर्षं झाली. आपलाच पोरगा, उजवा कोपरा, वय १८. लीगच्या संघात निवड झाली. एसटी स्टँडसमोर वीस फुटी फ्लेक्स लागला. त्या फ्लेक्सवरचा मजकूर मीच लिहून दिला होता. पेपरात तीन कॉलम बातमीही माझीच होती. "जा, मागं वळून बघू नको," असं त्याला सांगणाराही मीच.

पहिल्या हंगामात तो दोनदा मॅटवर उतरला. दोन्ही वेळेस शेवटची चार-पाच मिनिटं, निकाल लागून गेल्यावर. दुसऱ्या हंगामात जवळपास तेच. तिसऱ्या वर्षी बोलावणं आलं नाही. तोवर कुमार गटाचं वय निघून गेलं होतं, राज्य निवडीच्या स्पर्धा हुकल्या होत्या. त्याची आई बाजारात भेटली की विचारायची, "दादा, पोरगं टीव्हीवर कवा दिसायचं?" मी म्हणायचो, दिसंल की.

परत आल्यावर तो इथं खेळला, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. अंग कमावलेलं, पण चढाईवाला निसटायचा. सामन्यानंतर चहा पिताना तो एकच वाक्य बोलला. "काका, हात पोचतोय, पण येळ चुकतीया." आज तो पिकअप चालवतो. कुणाबद्दल कडू बोलत नाही. ज्या संघानं घेतलं होतं, त्यांचा दोष आहे असं मीही म्हणणार नाही. त्यांना सामने जिंकायचे होते. प्रश्न आमचा होता, की त्या वयात त्याला काय लागतं हे आम्ही कुणी विचारलंच नाही.

आता मुद्द्यावर येतो. लीग वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. २०१४ पासून प्रो कबड्डी सुरू झाली आणि कबड्डीला पैसा आला, मान आला. लिलावात सगळ्यात खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख आहे. ऊसतोडीच्या किंवा दोन एकराच्या घरातल्या पोराला ही रक्कम काय असते ते मला माहितीये. म्हणून पैशाकडं बघू नको, असा शहाणपणा मी शिकवणार नाही. माझं म्हणणं फक्त बचावपटूबद्दल आहे. चढाईपटू आणि बचावपटू एकाच पद्धतीनं तयार होत नाहीत.

चढाईवाला चुकला तर तो एकटा बाहेर जातो, समोरच्याला एक गुण मिळतो. विषय संपला. पुढच्या मिनिटाला दुसरा जातो. त्यामुळे नवीन पोराला दोन-चार चढाया देऊन बघायला कोच घाबरत नाही. कोपऱ्याचं तसं नाही. कोपऱ्यानं अर्धा सेकंद आधी झडप घातली की कव्हर त्याच्यामागं येतो, साखळी तुटते, आणि एका चढाईत तीन गडी बाहेर. वर लोण बसला तर आणखी दोन गुण. एकाच्या घाईची किंमत सगळा संघ मोजतो. म्हणून कुठलाही कोच अटीतटीच्या सामन्यात १९ वर्षांच्या कोपऱ्यावर भरवसा टाकत नाही. तो तिथं तिशीतला, शंभर सामने खेळलेला माणूस उभा करतो. कोचच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आणि कोपरा तयार होतो कशानं? चुकून. घोट्याची पकड कशी घालायची हे तालमीत शिकवता येतं. कधी घालायची हे फक्त सामना शिकवतो. समोरचा तिसऱ्या चढाईला आलाय, त्याला गुण घेतल्याशिवाय परतता येणार नाही. घड्याळात आठ सेकंद उरलेत. तो बोनसला पाय टाकतोय की पाय दाखवून हात मारणार आहे? इथं थांबायचं असतं. हे थांबणं सरावात येत नाही, कारण सरावात समोर तेच चार मित्र असतात आणि हरलं तर काही जात नाही.

साधा हिशेब करा. सामना ४० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची. म्हणजे समोरच्या संघाच्या साधारण ४० चढाया. वर्षात २० सामने पूर्ण खेळलेला कोपरा ८०० चढाया अंगावर घेतो. बेंचवर बसलेला कोपरा त्या ८०० चढाया तुमच्या-आमच्यासारखाच बघतो, फक्त जरा जवळून. लीगच्या संघात १८ ते २५ खेळाडू असतात आणि मॅटवर सातच. उरलेल्यांत सगळ्यात शेवटी कुणाचा नंबर लागतो, हे सांगायला नको.

हे दुखणं फक्त आपल्या कबड्डीचं नाही. माझा एक वर्गमित्र पंधरा वर्षं टोरांटोला असतो. तिकडं बर्फावरच्या हॉकीचं वेड आहे. मागच्या दिवाळीत आला होता तेव्हा कट्ट्यावर हाच विषय निघाला. तो म्हणाला, "आमच्याकडं पण हेच भांडण आहे. पोरगा बचावाचा असला की त्याला वरच्या लीगमध्ये लगेच घ्यायचा की खाली शिजू द्यायचा?" मग मी थोडं वाचलं.

तिकडं एनएचएल ही सगळ्यात वरची लीग, ३२ संघ. तिच्या खाली एएचएल, तिथंही ३२ संघ. खालचा प्रत्येक संघ वरच्या एकेका संघाशी जोडलेला. खालच्या लीगमध्येही वर्षाला सत्तरेक सामने होतात. पोरगा शिकाऊ असला तरी बसून राहत नाही, खेळतो. डंकन कीथ नावाचा बचावपटू घ्या. २००२ ला शिकागोनं निवडला, पण आधी नॉरफोकच्या खालच्या संघात पूर्ण दोन हंगाम खेळवला. २००५ ला वर आला. पुढं शिकागोनं तीनदा स्टॅनली कप जिंकला, आणि वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस पुरस्कार त्यानं दोनदा घेतला.

दुसरी गोष्ट २००८ सालची. त्या वर्षीच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर ड्र्यू डाउटी आणि पाचव्यावर ल्यूक शेन, दोघंही बचावपटू. दोघंही १८ व्या वर्षी थेट वरच्या लीगमध्ये. डाउटी तिथंच फुलला. ऑलिंपिक सुवर्ण, दोन स्टॅनली कप, नॉरिस, सगळं झालं. शेनवर टोरांटोनं भार टाकला आणि चार वर्षांनी दुसऱ्या संघाला देऊन टाकला. पुढं दहा वर्षांचा अनुभव गाठीशी असताना त्याला खालच्या लीगमध्ये जावं लागलं. तिथं खेळून तो परत उभा राहिला आणि टँपाच्या संघातून २०२० आणि २०२१ ला कप जिंकला. म्हणजे जे शिक्षण विशीत व्हायला हवं होतं, त्यातलं काही तिशीच्या उंबरठ्यावर झालं. त्याला खाली जायला जागा होती, म्हणून झालं. आपल्या पिकअपवाल्या पोराला ती जागा नव्हती.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, "मग नितेश कुमारचं काय? शादलूईचं काय?" बरोबर आहे. नितेश कुमार यूपी योद्धाकडून पोरसवदा वयात आला आणि २०१८ च्या हंगामात पकडींचे १०० गुण घेणारा पहिला बचावपटू ठरला. इराणचा मोहम्मदरेझा शादलूई पाटण्याकडून आला, पहिल्याच हंगामात गाजला, आणि पुढं पुणेरी पलटणनं त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. पण दोघांचं साम्य बघा. दोघांनाही संघानं मॅटवर उभं केलं. चुकले तरी उभं ठेवलं. म्हणून वरची लीग की खालची, हा प्रश्न खरं तर दुय्यम आहे. खेळायला मिळणार का, हा पहिला प्रश्न.

पुणेरी पलटणचंच घ्या. १ मार्च २०२४ ला त्यांनी हरियाणाला २८-२५ नं हरवून कप घेतला. कप्तान आपल्या नगरकडचा अस्लम इनामदार. संघ पोरांचा होता, पण ती पोरं बाजारातून एका रात्रीत उचललेली नव्हती. एकत्र वाढवलेली होती. आणि बचावात नव्या पोरांच्या शेजारी शादलूईसारखा भिडू उभा केला होता. अशा ठिकाणी पोरगा जात असेल तर मी स्वतः त्याला पुण्याच्या गाडीत बसवून येईन.

इथवर लीगबद्दल झालं. आता आपल्याबद्दल बोलू, कारण खरी गोची इथं आहे.

आपल्या पोरांना पहिल्यांदा बेंचवर कोण बसवतं? आपणच. यात्रेची स्पर्धा असते, बक्षीस मोठं असतं, मग मंडळ काय करतं? बाहेरून पाहुणे खेळाडू आणतं. त्यात हमखास एक कोपरा असतो, कारण कोपऱ्यावर धोका नको. गावातला १८ वर्षांचा कोपरा जर्सी घालून पाण्याच्या बाटल्या धरतो. मंडळ कप जिंकतं, मिरवणूक निघते, मी बातमी करतो. बातमीत त्या पोराचं नाव नसतं.

दुसरं, स्पर्धा बाद पद्धतीच्या. हरला की घरी. चाळीस किलोमीटर टेम्पोत बसून जायचं, एक सामना खेळायचा आणि परत. जिंकत राहिलात तर एका रात्रीत तीन सामने, तेही मातीवर, पहाटे दोनला. एकाला सामनेच नाहीत आणि दुसऱ्याच्या गुडघ्याची वाट.

तिसरं, कुमार गट २० वर्षांपर्यंत आणि ७० किलोपर्यंत. त्यानंतर पोरगा थेट खुल्या गटात पडतो, जिथं समोर पोलीस आणि रेल्वेची मुरलेली माणसं. मधली पायरीच नाही. २०२२ पासून युवा कबड्डी सिरीजसारखे प्रयत्न सुरू झालेत, चांगलं आहे. पण तिथपर्यंत तालुक्यातले किती पोहोचणार? आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण मिळवायचं तर मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. टीव्हीवर दिसल्याचा फोटो तिथं चालत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. मंडळांनो, रागवा, पण वाचा.

एक. स्थानिक स्पर्धेत प्रत्येक संघाच्या सातांत २१ वर्षांखालचा, गावातला किमान एक बचावपटू पूर्ण सामना मॅटवर हवा. आयोजकांनी पत्रिकेतच हा नियम छापावा.

दोन. १८ ते २२ वयोगटासाठी तालुक्यात साखळी पद्धतीची छोटी लीग. आठ संघ धरले तर प्रत्येकाला किमान सात सामने. रविवारी सकाळी, उजेडात. बक्षीस नसलं तरी चालेल, जेवण द्या.

तीन. तालुका क्रीडा संकुलातली मॅट गुंडाळून ठेवायला घेतलेली नाही. ती आठवड्यातून तीन दिवस उघडी मिळावी. याचं निवेदन मी लिहून तयार ठेवलंय, सह्या तुमच्या हव्यात.

आणि लीगच्या मालकांपर्यंत ही पोस्ट कधी पोहोचलीच, तर त्यांना एवढंच सांगणं आहे. नवीन पोरं घ्या, पण त्यांचा दुसरा संघ करा आणि वर्षभर खेळवा. नाहीतर वर्षभर कंपनीकडून, जिल्ह्याकडून खेळायला मोकळं ठेवा. बसवून ठेवू नका.

आज सकाळी त्या पोराला घरी बोलावलं. त्याचे सरही आले होते. मी निर्णय सांगितला नाही, तो माझा नाहीच. फक्त म्हणालो, दोन्हीकडं एकच प्रश्न विचार. "साहेब, वर्षात मी पूर्ण सामने किती खेळणार?" आकडा सांगतील तिकडं जा. "बघू", "संधी मिळेल", "आधी सराव तर कर" असं म्हणतील तिथं जायच्या आधी दहादा विचार कर, मग रक्कम कितीही असो.

पोरगा जरा गप्प बसला. मग म्हणाला, "काका, असं विचारलं तर राग येईल का त्यांना?"

सर म्हणाले, "ज्याला राग येईल, त्याला तू नकोच आहेस."

रविवारपर्यंत त्याला कळवायचंय. कुठंही गेला तरी यावेळी फ्लेक्स लावू नका. मी मजकूर लिहून देणार नाही. तो पहिला पूर्ण सामना खेळेल, त्या दिवशी मी तीन कॉलम बातमी करीन. पकडी चुकल्या असतील तर त्याही लिहीन.

पटलं तर आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, पण लिहिण्याआधी एकदा आठवून बघा, की तुमच्या मंडळाचा गेल्या यात्रेतला कोपरा कुठल्या गावचा होता.