आमचा प्रश्न तुम्हाला विरोधात असतानाच का आठवतो?

महाराष्ट्राच्या सर्वपक्षीय नेतेमंडळींना,



हे पत्र बेळगावहून लिहितो आहे. ते कुणा एका पक्षाला नाही, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी महाराष्ट्राची सत्ता भोगली आणि प्रत्येकाच्या काळात आम्हाला अनुभव एकच आला. विरोधात असलात की सीमाभागासाठी तुमचा जीव तुटतो. सत्तेत आलात की ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ एवढंच ऐकायला मिळतं.

संयुक्त महाराष्ट्राचा ठराव कुठे झाला, हे तुम्ही विसरला नसाल. मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली याच बेळगावात साहित्य संमेलन भरलं आणि तिथून त्या मागणीने जोर धरला. पुढे १७ जानेवारी १९५६ ला याच मागणीसाठी उतरलेल्या लोकांवर इथे गोळीबार झाला, माणसं गेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आम्हाला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घालण्यात आलं. १ मे १९६० ला तुमचं राज्य आलं तेव्हा, ज्या गावात त्याची मागणी झाली तेच गाव बाहेर होतं. तो घाव आम्ही सोसला. आज ना उद्या तुम्ही आम्हाला घेऊन जाल, असा विश्वास होता.

सीमाभागासाठी सेनापती बापटांनी उपोषण केलं, १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. वर्षभरात आलेल्या अहवालाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्राने तो फेटाळला, कर्नाटक आजही तोच अखेरचा शब्द मानतं. २००४ मध्ये तुम्ही सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हा आमच्या गल्ल्यांत साखर वाटली गेली. त्याला दोन दशकं उलटली. राज्यांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार फक्त संसदेचा, असं कर्नाटक म्हणतं. या आक्षेपाचा निकाल लागावा म्हणून तुम्ही किती जोर लावलात, हे आम्हाला दिसत नाही. सुनावणी कधी पुढे जाते, कधी दोन राज्यांशी नातं असलेले न्यायमूर्ती बाजूला होतात. कर्नाटकात सरकार कुणाचंही असो, सीमेच्या प्रश्नावर सगळे पक्ष एका सुरात बोलतात. तुमचा सूर मात्र खुर्चीप्रमाणे बदलतो.

मुंबई, बेंगळुरू आणि दिल्ली, तिन्हीकडे एकाच पक्षाचं सरकार आलं की प्रश्न सुटेल, असं आम्हाला सांगितलं जायचं. काँग्रेसच्या काळात तसं वर्षानुवर्षं होतं. २०२२ मध्ये तिन्ही सरकारांत भाजप होता. त्या डिसेंबरात काय झालं? समन्वयासाठी नेमलेले महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला येणार म्हणून आम्ही वाट पाहिली, ते आले नाहीत. आमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली. तिकडून निघालेल्या विरोधी नेत्यांना सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावरून परत पाठवलं. हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. त्याच महिन्यात दिल्लीत गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली, दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती जाहीर झाली. २७ डिसेंबरला तुमच्या विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमुखाने ठरावही केला. त्यानंतरच्या कर्नाटकच्या निवडणुकीत तुमच्याच पक्षांचे नेते महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवारांविरुद्ध प्रचाराला बेळगावात आले. एकमुखाने केलेल्या ठरावाला पाच महिनेही झाले नव्हते.

हा प्रचारच आम्हाला सर्वांत जास्त लागला. कर्नाटकात लोकसभेच्या २८ जागा आहेत. त्या हिशेबात आमची गावं बसत नाहीत, हे आम्हाला कळतं. पण मग आमच्याकडे मतं मागायला शिवाजी महाराजांचं नाव घेऊन येऊ नका. येळ्ळूरच्या राजहंसगडावर महाराजांचा पुतळा उभा राहिला. मार्च २०२३ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, चार दिवसांच्या आत त्याचं दोनदा अनावरण झालं, एकदा भाजपचं, एकदा काँग्रेसचं. त्याच येळ्ळूरमध्ये २०१४ मध्ये ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक पाडला आणि गावकऱ्यांना पोलिसांनी घरात घुसून मारलं. तेव्हा यातला कुठला पक्ष गडावर आला होता?

या राजकारणाने आमच्या समाजाचं काय झालं, ते मुंबईतून दिसणार नाही. समितीचे चार-पाच आमदार कधीकाळी बेंगळुरूच्या विधानसभेत जायचे. २०१३ मध्ये दोनच निवडून आले, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. आमच्यातच गट पडले. पोरं राष्ट्रीय पक्षांकडे वळली, कारण तिथे निदान कंत्राट, नोकरी, वजन मिळतं. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळून सायकल फेरीत उतरलेल्या पोरावर गुन्हा नोंदला जातो, आणि नोकरीसाठी पोलीस पडताळणी करताना तो कागद पुढे येतो. त्याची आई मला विचारते, महाराष्ट्र याला नोकरी देणार आहे का? माझ्याकडे उत्तर नसतं.

तहसीलदार कचेरीसमोर एकदा उभे राहून बघा. येळ्ळूरचा, उचगावचा शेतकरी जमिनीचा उतारा हातात घेऊन बाहेर येतो. वाडवडिलांची जमीन, स्वतःचं नाव, पण कागद सगळा कन्नड. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात तो पोराटोरांपुढे कागद धरतो, ‘माझं नाव बरोबर आलंय का बघ रे.’ १५ टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्य असलेल्या भागात सरकारी सूचना, कागद त्यांच्या भाषेतही मिळावेत, हे देशाने मान्य केलेलं आहे. सीमा ठरेपर्यंत निदान एवढं तरी तुम्ही दिल्लीकडून करून घेऊ शकला असता.

आमचा कन्नड भाषेवर राग नाही. कन्नड शेजाऱ्याच्या लग्नात आम्ही वाढपी असतो, बाजारात दोन्ही भाषा एका दमात बोलतो. चंदगडची माणसं आमच्या बाजाराला, दवाखान्याला येतात आणि आमच्या मुली कोल्हापूर-गडहिंग्लजला दिल्या आहेत. तुम्ही तिकडे सभेत आग ओकता, इकडचे पुढारी तसंच उत्तर देतात, आणि एसटी सीमेवर थांबते. अडकतात ती बाळंतिणीला भेटायला निघालेली माणसं. भाषणाची किंमत आम्ही मोजतो, टाळ्या तुम्हाला मिळतात.

म्हणून मागणं थोडकं आहे. दाव्याच्या प्रत्येक तारखेला ज्येष्ठ वकील हजर ठेवा आणि सीमाप्रश्नावरच्या तुमच्या उच्चाधिकार समितीच्या बैठकीत काय ठरलं ते दर वेळी जाहीर करा. मराठीतून कागद मिळण्याच्या हक्कासाठी तुमच्या सगळ्या खासदारांनी मिळून केंद्राला जाब विचारावा. आणि तुमच्या पक्षाची सीमाप्रश्नावरची जी भूमिका मुंबईच्या विधानभवनात आहे, तीच कर्नाटकच्या पुढच्या निवडणुकीत तुमच्या पक्षाच्या बेंगळुरूच्या जाहीरनाम्यात छापून दाखवा. ते जमत नसेल, तर आमचा नाद सोडला असं महाराष्ट्राच्या जनतेला उघड सांगा. आमचा लढा आमच्या वडिलांनी तुमच्या भरवशावर सुरू केला नव्हता. पण तो कुणाच्या भरवशावर पुढे न्यायचा नाही, हे आमच्या मुलांना कळायला हवं.

आपला,
बेळगावचा एक सीमावासीय