साक्ष कोणाची, कागदाची की माणसाची?

१५ ऑक्टोबर १९५३ रोजी ब्रिटनने दक्षिण ऑस्ट्रेलियातील इमू फील्ड येथे अणुस्फोट केला. त्यानंतर आपल्या वस्तीवर काळे धुके उतरले आणि माणसे आजारी पडली, असे तेथील आदिवासी सांगत राहिले. त्या वेळी लहान असलेले यामी लेस्टर पुढे अंध झाले. अधिकारी शास्त्रज्ञांनी ही हकिकत झिडकारली. जे कागदावर नाही ते घडलेच नाही, हा साम्राज्यशाहीचा जुनाच न्याय आहे. लेस्टर यांनी व त्यांच्या लोकांनी हट्ट सोडला नाही. अखेर १९८४ मध्ये मॅक्लेलँड आयोग नेमला गेला. आजारांचे कारण आयोगाने सिद्ध मानले नाही. परंतु काळे धुके खरोखरच आले होते, हे त्याने १९८५ च्या अहवालात मान्य केले. मौखिक साक्षीला मिळालेला हा विजय अपुरा होता, पण लहान नव्हता.

१९५६-५७ मध्ये मॅरालिंगा येथे आणखी सात स्फोट झाले. पश्चिमेकडील वाळवंटातील मार्टू जमातीच्या न्यारी मॉर्गन यांनी तरुणपणी असा एक स्फोट पाहिला. गोऱ्यांच्या संस्कृतीशी त्यांची पहिली गाठ पडली ती अशी! आकाशात चढणारा तो ढग त्यांना देवांचा आत्मा वाटला. कांगारू धडाधड कोसळले. लोकांनी देवाची देणगी समजून ते खाल्ले. ही कहाणी लिनेट वॉलवर्थ यांनी ‘कोलिजन्स’ या आभासी वास्तवाच्या चित्रपटात आणली. डोळ्यांवर यंत्र चढवले की प्रेक्षकाभोवती चहूकडे वाळवंट पसरते आणि समोर खुद्द म्हातारबाबा असतात.

जानेवारी २०१६ मध्ये हा चित्रपट दावोस येथे धनिकांच्या मेळाव्यात दाखवला गेला. त्याच वर्षी आपल्या परंपरागत भूमीवरील किंटायर येथील नियोजित युरेनियम खाणीविरुद्ध मार्टू लोक पदयात्रेने निघाले होते. तेव्हा काही साथी विचारतील : हा श्रीमंतांचा नवा खेळच नव्हे काय? शंका रास्त आहे. यंत्र उतरवून ठेवले की प्रेक्षक मोकळा होतो. ज्याच्या भूमीखाली युरेनियम आहे तो मोकळा होत नाही.

तरीही यंत्र टाकाऊ ठरत नाही. आजवर आदिवासींची कथा संशोधकाच्या वहीत शिरली की तिचा मालक बदलत असे. येथे सांगणारा स्वतःच्या भूमीवर उभा राहून बोलतो, आणि ऐकणाऱ्याला तेथवर जावे लागते. मात्र कथा कोणी सांगावी, कोणासमोर सांगावी आणि तिचे जतन कोणी करावे, हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजाकडेच हवा. तो नसेल, तर खनिजाप्रमाणे स्मृतीचीही खाण होईल.

आदिवासी पाड्यांवर जाऊन विस्थापनाच्या हकिकती टिपणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनाही हाच प्रश्न लागू आहे. आपण साक्ष घेऊन येतो. परत काय देतो? भूमीचा हक्क मागे ठेवून केलेला स्मृतीचा गौरव म्हणजे केवळ श्राद्ध होय.